पातळ रक्ताची भावंडं

२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला फोन करायचा म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की शेजाऱ्यांना वाटतं, गाडी शिकायला कुणी नवीन आलंय. कवळ्या घासायच्या मशीननं तुझे कान नेले, त्याला माझा इलाज नाही. तेव्हा पत्र.

बातमी अशी, की आधी मागे बघा, मग वर बघा आणि मगच हला, असं आयुष्यभर लोकांना शिकवत आलेली तुझी ताई परवा स्वतःच्याच गाडीच्या डिकीचं झाकण डोक्यावर घेऊन मोकळी झाली. एक बाई गाडी शिकायला येतात, बँकेत कॅशियर आहेत. त्यांना स्टेपनी कुठे असते ते दाखवत होते. वाकून दाखवलं, ऐटीत सरळ झाले आणि ठक्कन आवाज आला. कॅशियरबाई इतक्या घाबरट, की डोकं माझं, झाकण माझं, आणि माफी त्या मागत राहिल्या. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलंय. बर्फ लावला. एवढ्यासाठी डॉक्टरांकडे गेले तर ते आधी वजनकाट्यावर उभं करतील, म्हणून गेले नाही.

बाकी ठीक. हृदय आपल्या मर्जीनं धडधडतंय. आईवडिलांनी आपल्याला इस्टेट दिली ती ही बेताल धडधड, आणि तीही अगदी समसमान वाटून. रक्त पातळ करायची गोळी मी नेमानं घेते, तूही घे.

लोभ आहेच. वाढवायचा तर हळूहळू वाढव, डोकं अजून ठणकतंय.

तुझी
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी हसत वाचलं आणि हिनं कपाळाला आठ्या घालून वाचलं. लगेच उठून हिनं गोळ्यांच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद काढला. त्यावर म्हणे स्पष्ट लिहिलंय, की ही गोळी घेणाऱ्यानं डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवावं. मी म्हणालो, ताईच्या डोक्याला काय होणार, लहानपणी त्यावर माझी पाटी फुटली होती. ही हसली नाही. तेव्हा तिच्या वतीनं सांगतो, दाखवून ये. वजनाची लाज वाटत असेल तर चपला काढून उभी राहा.

इकडे गंमत झाली. एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी केली होती. त्यांनी परत आणली, कारण ती घालून बोललं की शिट्टी वाजते. मला ती ऐकूच येईना. ते बोलताहेत, शिट्टी वाजतेय, दुकानातली माणसं तोंड दाबून हसताहेत, आणि मी आपला छान बसलीय, छान बसलीय म्हणतोय. शेवटी हिनं आतून येऊन मला चिमटा काढला.

डोकं दाखव. आणि रागावू नकोस, रागावायचंच तर मोठ्या अक्षरात रागाव.

तुझा
ठोंब्या

२२ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तू भेटून गेलास तेव्हा मी झोपेतच होते, आणि तुला म्हणे मी आमचा जुना क्लिनर समजून टायरमध्ये हवा भरायला सांगितली. तू निमूटपणे बरं म्हणालास, असं नर्स सांगत होती. आज धड बसता येतंय, तर झालं ते नीट सांगते.

टेंगूळ जिरलं आणि मी विसरले. मग डोकं जड राहायला लागलं. मी चष्म्याला दोष दिला, नवा केला. नव्या चष्म्यातून तेच डोकं दुखलं. पुढे पुढे बसल्या बसल्या पेंग यायची. डावी चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मी एका चपलेवर पुढे जायचे. वय झालं म्हणून स्वतःलाच हसायचे. इतकी शहाणी, की शिकवायच्या प्रत्येक गाडीचा बारीक आवाज मला कळतो, आणि स्वतःच्या इंजिनातून तेल गळतंय ते कळलं नाही.

त्या दिवशी कॅशियरबाईंचा धडा होता. समोर सायकलवाला आला. माझ्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, तो दाबायला गेले तर पाय हलेचना. पाय होता, पण माझा नव्हता. बाईंनी कशीबशी गाडी फुटपाथवर चढवून हँडब्रेक ओढला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि माझं तोंड एका बाजूला उतरलंय असं म्हणाल्या. मी त्यांना आधी आरसा बघा म्हणून झापलं. त्यांनी गाडी वळवली आणि मला थेट हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्याच गिअरमध्ये! सगळा रस्ता गाडी रडत होती आणि मी जीभ जड झालेली असताना तिसरा टाका, तिसरा टाका म्हणून बोबडं ओरडत होते. जिला मी घाबरट म्हणाले, तिनं एकदाही तिसरा टाकला नाही आणि एकदाही थांबली नाही.

फोटो काढला, तर कवटी आणि मेंदू यांच्या मधल्या फटीत रक्त साठलं होतं. डिकीच्या त्या एका ठोक्यानं आत बारीकशी शीर फुटलेली. एरवी रक्त आपोआप थांबलं असतं, पण गोळीनं रक्त पातळ, त्यामुळे आठवडेच्या आठवडे झिरपत राहिलं आणि मेंदूला दाबत गेलं. आधी गोळीचा अंमल उतरवायचं औषध दिलं, मग कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. भोकं पाडूनही आत मेंदू सापडला, याचं तुला आश्चर्य वाटेल. पाय परत आलाय. अर्ध्या डोक्यावर केस आहेत, अर्ध्यावर नाहीत. आरशात बघितलं की दोघीजणी दिसतात.

वहिनीनं तो कागद वाचला होता. मी तिचं ऐकलं नाही, हे तिला माझ्या वतीनं मान खाली घालून सांग.

लोभ असावा, माझ्यावर नसला तर निदान उरलेल्या केसांवर.

तुझी
ताई

५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू घरी आलीस हे कळून बरं वाटलं. मी हॉस्पिटलात फार शूर दिसलो असेन, पण बाहेर आल्यावर जिन्यात बसलो आणि एका अनोळखी माणसानं मला पाणी पाजलं. त्याला वाटलं, पेशंट मीच.

माझी काळजी करू नकोस. मी टुणटुणीत आहे, पूर्वी कधी नव्हतो इतका. दाढी करताना नेहमीसारखं कापतं, पण हल्ली रक्त लगेच थांबतं. पूर्वी एवढ्याशा ओरखड्याला अर्धा तास टॉवेल धरून बसावं लागायचं. हेडमास्तरांची शिट्टी बंद झाली, आता ते बोलतात कमी आणि हसतात जास्त.

तू विश्रांती घे. कुणाच्याही डिकीजवळ जाऊ नकोस.

तुझा
ठोंब्या

१३ एप्रिल

ठोंब्या,

आशीर्वाद नंतर.

रक्त लगेच थांबतं म्हणजे काय? तू मला बावळट समजतोस का? भोकं मला कवटीला पाडलीत, अकलेला नाहीत. गोळी घेणाऱ्याचं रक्त लगेच थांबत नाही. तू ती बंद केलीस. माझं टकलं डोकं पाहून घाबरलास आणि गपचूप बंद केलीस. लहानपणी मला गोवर झाला तर अंगावर टिपके रंगवून बसला होतास, त्याच जातीचं हे शहाणपण.

परवा माझा पुन्हा फोटो काढला. डोकं स्वच्छ आहे. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, की ही गोळी वाईट आहे का. ते म्हणाले, गोळी वाईट नाही आणि साधीही नाही. आपल्यासारख्यांच्या हृदयात रक्त घोटाळत राहतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. गोळी ती होऊ देत नाही. भीती दोन्हीकडे आहे, पण कुणाला कुठली जास्त हे तपासून ठरवायचं असतं, बहिणीकडे बघून नव्हे. मलाही त्यांनी सगळं तोलून, बेतानं मात्रा ठरवून, गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलंय.

हे पत्र मिळताक्षणी ऊठ आणि तुझ्या डॉक्टरांकडे जा. कवळ्या थांबतील.

लोभाचं नंतर बघू.

ताई

१५ एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज सकाळी आलं आणि मीच फोडलं, कारण हे हॉस्पिटलात आहेत. घाबरू नका, आता बरे आहेत. वाईट आधी सांगून टाकते, मग बाकीचं.

काल हे दुकानात एका बाईंना कवळी दाखवत होते. कवळीला ते चमचा म्हणाले. बाई हसल्या. मग प्रत्येकच वाक्यात चमचा यायला लागला. तुमचा चमचा सैल आहे, चमचा पाण्यात ठेवा. यांना कळत होतं की शब्द चुकतोय, पण बरोबर शब्द सापडेना. मग कवळी हातातून पडली, आणि उचलायला उजवा हात वर येईना. मी दुकान उघडं टाकलं आणि यांना रिक्षात घातलं. डॉक्टरांनी गोळी घेता का असं विचारल्यावर यांनी लहान मुलासारखी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणून.

तुम्हाला भेटून आल्यापासून बंद केली होती, वन्सं. मी रोज हातावर गोळी ठेवत होते आणि हे ती कालवलेल्या प्लास्टरमध्ये टाकत होते. आमच्याकडचे दातांचे साचे सध्या गावात सगळ्यांत निरोगी आहेत.

नशीब थोर म्हणून गुठळी लहान होती, आपणच विरघळली. तासाभरात बोलायला लागले. पहिला धड शब्द ताई असा होता. दुसरा, तिला सांगू नकोस.

मी सांगितलं. राग मानू नये.

तुमची
वहिनी

२८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, पण तू तर माझ्या सरळ अक्षरालाही नावं ठेवायचीस. बोटं अजून जरा आळशी आहेत, बाकी सगळं परत आलंय. चमचा हा शब्द घरात उच्चारायला मला बंदी आहे. आमटी ढवळायचं ते मागायचं तर मी बोट दाखवतो.

तुझं पत्र हिनं मला हॉस्पिटलात मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं म्हणजे माझ्या कानांच्या मानानं, त्यामुळे आख्ख्या वॉर्डाला माझ्या गोवराची हकीकत कळली. पलीकडचे एक आजोबा आता मला टिपके म्हणतात.

का बंद केली, असं तू विचारशील. तुझ्या उशाशी बसलो होतो. तू मला ओळखलं नाहीस. मला वाटलं, हे त्या गोळीनं केलं, आणि तीच माझ्या खिशात आहे. डॉक्टरांना विचारावं, हे सुचलंच नाही असं नाही. ते घे म्हणतील या भीतीनं विचारलं नाही. आता ही समोर उभी राहून तोंड उघडायला लावते आणि जीभ उचलून बघते. ज्यानं जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावलं, त्याच्यावर ही पाळी.

रागावली असशील तर रागाव, पण लिही.

तुझा
ठोंब्या

४ मे

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. मागचेही धरून घे.

तुझं वाकडं अक्षर मी दोनदा वाचलं.

आता माझं ऐक, आणि हे वहिनीला वाचायला देऊ नकोस. म्हणजे ती वाचेलच. तुला झापणारं ते पत्र मी लिहिलं ना, तेव्हा माझं गोळ्यांचं नवं खोकं समोर होतं. न उघडलेलं. त्यानंतरही उघडलं नाही. आज उद्या करत राहिले. डोक्यावर हात फिरवला की भोकांच्या जागी दोन खळगे लागतात, आणि हात आपोआप मागे येतो. काल डॉक्टरांकडे गेले आणि खरं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, माझ्या जागी तेही घाबरले असते, पण त्यांनी ते विचारून घेतलं असतं. मग पुन्हा सगळं समजावलं: रक्तदाब सांभाळायचा, रक्त तपासत राहायचं, डोक्याला साधी टपली बसली तरी यायचं, वजनाची लाज न धरता.

तेव्हा आपण दोघं सारखेच. तू खोटं बोलून गोळी घेतली नाहीस, मी उपदेश करून घेतली नाही. माझं जरा जास्त वाईट, कारण उपदेशाला पोस्टाचं तिकीटही लावलं.

गोळी आता या कागदाच्या बाजूला ठेवली आहे. एवढीशी आहे. थांब जरा.

घेतली. चहा गार झाला होता म्हणून पाण्याबरोबर. अजून तरी काही झालेलं नाही. पंखा फिरतोय, बाहेर कुणीतरी रिव्हर्स घेताना उगाच हॉर्न वाजवतंय, आणि मी उठून त्याला झापायला न जाता तुला लिहिते आहे.

तूही आजची घेतली असशीलच. नसेल घेतलीस तर हे इथेच ठेव, घे, आणि मग शेवटची ओळ वाच.

लोभ असावा. त्याआधी तू असावास.

तुझी
ताई