पायाशी येणारा गार वारा

प्रिय अगं,

हसू नकोस. तीस वर्षं मी तुला याच नावाने हाक मारली, आता पत्रात एकदम लाडिक कुठून होऊ? गाडी दुरुस्त केली, ते कळवायचं होतं. आपलीच. गावभरच्या गाड्या नीट करून देणाऱ्या मेकॅनिकची स्वतःची गाडी गळकी; दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रोज सकाळी मी बॉनेट उघडून बाटलीभर पाणी ओतायचो आणि ‘झालं काम’ म्हणायचो. एखाद्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर त्याला फाडून खाल्लं असतं. पाणी जातं कुठे ते मी बाहेरच शोधत राहिलो. पाइप तपासले, गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला. पुठ्ठा कोरडाच. तू मात्र म्हणायचीस, गाडीत गोडसर वास येतो, काच आतून चिकट होते, पायाशी गार वारा येतो. मी म्हणायचो, तुला जळी-स्थळी स्वयंपाकघरच दिसतं. मोजे घाल.

परवा तुझ्या बाजूचं कार्पेट उचललं तर खाली ओलंचिंब. डॅशबोर्ड उतरवला. आतला हीटरचा छोटा रेडिएटर फुटलेला, इंजिन थंड ठेवणारं कूलंट तिथूनच झिरपत होतं. गोडसर वास त्याचाच, आणि ते कमी पडल्यामुळे हीटरचा वाराही गार. मला ती गळती वासावरूनच कळायला हवी होती आणि तू तीन हिवाळे सांगत होतीस. पाना हातात घेऊन मी तिथेच बसलो आणि मला रडू आलं. मग नवा बसवला, गाडीचं तोंड चढावर केलं, झाकण उघडं ठेवून आणि हीटर पूर्ण चालू करून अडकलेली हवा काढली. बुडबुडे थांबेपर्यंत तासभर उभा होतो. आता आत इतकं उबदार होतं की स्वेटर काढावा लागतो. तुझ्या जागेवर बसून पाहिलं. तिथे बसायची माझी पहिलीच वेळ.

लेकीच्या बाळंतपणाला तू गेलीस त्याला दहा महिने झाले. स्टेशनवर सोडायला आलो तेव्हा तू पाय शालीत गुंडाळून बसली होतीस, वाटभर एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, थंडीमुळे. घर खायला उठतं गं. तुझी फार आठवण येते, हे लिहूनच टाकतो, कारण तोंडाने म्हणायला गेलो की मला खोकला येतो.

काल लेकीचा फोन आला. म्हणाली, आई इथेच राहायचं म्हणतेय, कायमची. तुम्हाला सांगायचा तिला धीर होत नाही. म्हणून हे पत्र. दर वेळी माहेराहून तू आपणहून परत आलीस. मी कधी न्यायला आलो नाही, येणारच असं धरून चाललो. या रविवारी गाडी घेऊन येतोय. नाही म्हणालीस तर नातीला भेटून परत फिरेन, राग धरणार नाही. पण आजवर एकदाही म्हटलं नाही ते आधी ऐक. घरी ये.

तुझाच,
अहो