आईचे शेपटीवाले शब्द

९ ऑक्टोबर १९९७

प्रिय ताई,

तिकडे इंग्रजांच्या देशात थंडी पडली असेल. इकडे अजून दारोदार मिरच्या वाळताहेत आणि अख्खी गल्ली शिंकतेय. मी बरी आहे. आईचा गुडघा होता तसाच, आणि तोंडही होतं तसंच.

बातमी एकच आहे, पण ती बसून वाच. आई माझ्या वर्गात येते! शाळेच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात, पहिल्या बाकावर, मांडीवर विणकाम घेऊन. वर्तमानपत्र उलटं धरलं तरी जिला फरक पडत नाही, ती आपली आई.

सध्या शेपटीवाली क्रियापदं चालू आहेत. आपण दोघी त्यांच्यापायी कशा रडायचो, आठवतं? आपल्या चिनीत गाडीत चढायला एक शब्द, उतरायला दुसरा, उठायला तिसरा. इंग्रजांकडे बहुतेक शब्दांचा दुष्काळ. एकच 'गेट' घ्यायचा आणि शेपट्या बदलत राहायच्या. अप लावलं की माणूस उठला, ऑन लावलं की गाडीत चढला, ऑफ लावलं की उतरला, ओव्हर लावलं की दुखण्यातून बरा झाला. आपली माणसं या शेपट्यांना इतकी भितात की पुस्तकातले जडजड शब्द वापरून वेळ मारून नेतात. धान्यगोदामातले छिन काका 'सकाळी उठतो' म्हणायचं सोडून 'मी शय्येचा त्याग करतो' अशा थाटाचं इंग्रजी बोलतात. मी म्हटलं, "काका, तिकडे असं बोललात तर लोक तुम्हाला थेट राजवाड्यात नेऊन सोडतील."

म्हणून मी पाठांतर बंद केलं. आता स्टूल म्हणजे बस, दोन बाकांमधली फट म्हणजे पूल. चढायचं आणि मोठ्याने बोलायचं, उतरायचं आणि बोलायचं. आई अशी रंगून जाते की तिचा गुडघा कुठे जातो कोण जाणे. पण तिला सगळे शब्द नकोत. भाजीबाजारात उपयोगी पडतील असे द्यायला गेले तर म्हणाली, "ते राहू दे. मला रस्त्याचे दे."

छिन काकांनी चिडवलंच. "वहिनी, या वयात कुठे निघालात?"

"मी कुठे जातेय? मला एकीला आणायचंय."

सगळे हसले. मीही हसले.

कॉलिन भावोजींचं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, मधला काही मजकूर गाळून. पण गाळलेलंच तिला आधी कळतं, हे तुला माहीत आहे. त्याबद्दल आत्ता नको. जेवत जा.

तुझी सूहे

२ नोव्हेंबर

ताई,

माझं पत्र भावोजी तुझ्या हातात ठेवतात आणि तू ते न उघडता धरून बसतेस, असं त्यांनी कळवलंय. वाचू नकोस हवं तर, पण धर.

मागच्या वेळी मी मिरच्यांचं आणि छिन काकांचं लिहीत बसले, कारण मला दुसरं लिहवत नव्हतं. बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, मुलगी होती. तेव्हापासून तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली आहेस, ना त्यांच्या भाषेत बोलत ना आपल्या. डॉक्टर येऊन गेले. शरीरात काही दोष नाही म्हणाले.

आईने हे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "जीव सांडलाय पोरीचा."

गल्लीतली किती पोरं दचकून किंवा नदीत पडून जीव सांडून घरी आली, आणि त्यांच्या आयांनी आपल्याच आईला बोलावणं धाडलं, ते तू पाहिलं आहेस. उंबऱ्यात उभं राहून पोराचा कपडा हातात धरायचा, नाव घेऊन हाक मारायची, आणि घरातल्या कुणीतरी त्या जिवाच्या वतीने 'आले' म्हणायचं. या खेपेला मात्र तिला पेच पडला होता.

"तिथला भूमिदेव इंग्रज. आपल्या बोलीत ओरडून त्याला काय कळणार, कुणाला सोडायचं ते? आणि वाट केवढी! पूल आला की पूल आला म्हणून सांगावं लागतं, गाडी आली की गाडी. नाहीतर जीव तिथेच अडकून बसतो."

तिला रस्त्याचेच शब्द का हवे होते, ते कळलं ना आता?

दिवेलागणीला ती तुझं कॉलेजातलं निळं जाकीट घेऊन दारात उभी राहिली. मी आत चुलीपाशी, 'आले' म्हणायला. "सूयिंग! गेट अप! गेट ऑन! कम ओव्हर! गेट ऑफ!" समोरची हुआंगवहिनी भांडी टाकून बघायला आली. खोटं कशाला बोलू, मी तोंडात एप्रनचा बोळा कोंबून हसत होते. शेवटी आईने उंबऱ्यावर झारा आपटला. "कम बॅक! कम होम! कम इन!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्याआधीच वरच्या खोलीतून उत्तर आलं. इंग्रजीत. आले परत, असं.

मी मनात म्हटलं, भास असेल. पण दुसऱ्या दिवशी आई भाजी चिरताना धडा घोकत होती. "गो सू, गो सू." छतातून कुणीतरी हळूच सुधारलं, "गो थ्रू." ताई, जीभ दातात धरून काढायचा तो आवाज मला इतकी वर्षं शिकवूनही जमत नाही. आपल्या घरात तो फक्त तुलाच जमायचा.

आता भातभांड्यातली खरपुडी कुणीतरी आधीच खरवडून नेतं. हुआंगवहिनीच्या कोंबड्या दिवसभर आमच्या घरात असायच्या, त्या आता उंबऱ्याशी येऊन मान वाकडी करून वर बघतात आणि माघारी फिरतात. आई मात्र खुशीत आहे. तिसरा वाडगा मांडते, त्यात मासा वाढते, काटे काढून.

मग शाळेच्या फाटकावरच्या खोलीत भावोजींचा फोन आला. आमच्याकडे आई हाका मारत होती तेव्हा तुमच्याकडे सकाळ होती. म्हणाले, तोवर ती निदान खिडकीबाहेर बघायची. त्या सकाळी तिचे डोळे विझले. आता घोटभर पाणीही गिळत नाही. बोलताना त्यांचा आवाज फाटला. "शी इज स्लिपिंग अवे," म्हणाले. ही शेपटी मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. त्या दिवशी मला ती समजली नसती तर बरं झालं असतं.

घरी येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं. आईने आजवर ज्यांना हाका मारल्या ती पोरं घरातच अंथरुणावर असायची. घरी ये म्हटलं की जीव बरोबर अंगात जायचा. तुझं अंग तिकडे आहे. आईने सवयीने 'घरी ये' म्हटलं आणि तुझा जीव इकडे आला.

मी आईला सगळं सांगितलं. ती काटे काढत राहिली.

"आई, तिकडे ती मरेल."

"इकडे आहे ना! इतकी वर्षं त्यांच्याकडे होती. आता माझ्याकडे राहू दे."

मी तिच्याशी भांडायला हवं होतं. पण वरून तू काहीतरी गुणगुणत होतीस, आणि ते थांबू नये असं मलाही वाटलं. मला भीती वाटते ती त्याचीच.

सूहे

२३ नोव्हेंबर

ताई,

काल भावोजींचा फोन आला. तू खिडकीपासून उठलीस, मोठ्याने रडलीस, खूप वेळ रडलीस आणि मग टोस्ट खाल्लास. मी फोनवर काय बोलले ते आठवत नाही. फाटकावरच्या म्हाताऱ्याने मला स्वतःचा चहा दिला, एवढं आठवतंय.

आता हे पत्र तू वाचशील. म्हणून काही न गाळता लिहिते.

आई ऐकतच नव्हती. मी रागावले, रडले, तिचा झारा लपवून ठेवला. ती ढिम्म. मग एका दुपारी आम्ही अंगणात लोणच्यासाठी कोबी धूत होतो आणि वरून थापटल्याचा आवाज येऊ लागला. थोपटताना येतो तसा, संथ. मधेच तो थांबला आणि कुणीतरी हसलं. तो आवाज तुझा नव्हता. फार लहान होता.

आईच्या हातातला कोबी तसाच राहिला. गुडघा विसरून ती वर गेली, मी तिच्या मागे. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर तुझं निळं जाकीट होतं. आईने ते खुंटीला टांगलेलं मी स्वतः पाहिलं होतं. आता त्याची घडी घातलेली होती, दोन्ही बाह्या आत खोचून, तान्ह्याला गुंडाळतात तशी. त्याच्या मधोमध उबदार खळगा पडला होता. मी हात लावून पाहिला.

आई जमिनीवरच बसली. "जीव सांडला नव्हता गं तिचा. लेकरामागे गेली होती ती. मी हाक मारली, तर त्याला घेऊनच आली."

 मग तिने मला विचारलं, "मूल सांभाळून मोठं करायचं, त्याला कुठली शेपटी?"

"ब्रिंग अप."

"म्हण परत." तिने ते ओठांत घोळवलं. मी म्हटलं, आपल्या बोलीत सांग की, ताईला कळतं. तर म्हणाली, "ज्या शब्दांनी आणलं त्याच शब्दांनी पाठवायचं असतं. आणि लेकराला कुठली आपली बोली?" मग जाकिटाकडे तोंड करून तिने सांगितलं, "सूयिंग. आय ब्रिंग हर अप. यू गो बॅक."

काही हललं नाही. तेव्हा मात्र आईचा धीर सुटला आणि ती आपल्या भाषेत बोलली. "अगं वेडे, गल्लीत बघ. हुआंगवहिनीच्या दोन्ही नाती कुणाकडे आहेत? आईबाप ग्वांगतुंगच्या कारखान्यात, पोरं आजीकडे. सगळे असंच करतात. लेकरू आजीकडे ठेवतात आणि कामाला जातात. तुझा नवरा तिकडे एकटा बसलाय. मी आहे ना हिला. जा तू."

त्या संध्याकाळी आईने उंबऱ्याबाहेर तोंड करून हाका घातल्या. गो आउट, गो डाउन, गेट ऑन. मी तिच्याबरोबर दगडी पुलापर्यंत गेले. ती तुला वाटेतली प्रत्येक पायरी सांगत होती, आणि रडत होती. पुलाच्या अलीकडेच थांबली. "गो ओव्हर," म्हणाली, आणि मागे वळून झपाझप निघाली.

"आई, शेवटपर्यंत नको का जायला?"

"बाळ घरी एकटं आहे," ती म्हणाली.

ताई, तू गेलीस. बाळ इथे आहे. आई दुपारी वरच्या खोलीत निजते, तेव्हा जाकिटाची एक बाही तिच्या बोटाला गुंडाळलेली असते. ती स्वतः गुंडाळत नाही. ती अजून वर्गात येते, पण आता रस्त्याचे शब्द मागत नाही. 'पडशील'ला काय, 'सगळं संपव'ला काय, 'उचलून घेऊ का'ला काय, असलं विचारते. छिन काका म्हणाले, "वहिनी, जिला आणायचं होतं ती आली ना? मग अजून घोकंपट्टी कशाला?"

"ती आली आणि गेली. आता जी आहे, तिला आपली बोली कळत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही.

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तू जेव, फीर, भावोजींशी बोल. इथलं आम्ही बघू. फक्त एक काम तातडीचं आहे. तुम्ही दोघांनी मुलीसाठी एखादं नाव ठरवलं असेल, ते कळव. आई म्हणते, बिननावाच्या लेकराला दारातून कुणीही हाक मारून नेऊ शकतं. काल संध्याकाळी बाहेरून कुणीतरी बाळाला हाक मारली, अगदी लाडाने. आई तेव्हा चुलीपाशी होती, मी वह्या तपासत होते, आणि गल्लीत कुणीच नव्हतं. आईने दार लावून घेतलं आणि पाठ टेकून तिथेच उभी राहिली. फोनने नाहीतर तारेने कळव, पत्राला उशीर होईल.

तुझी आई, तुझी सूहे आणि तुझी …………
(इथे जागा सोडली आहे.)