बिरूच्या वडिलांचं गाणं

रविवार, संध्याकाळ

नाही, डायरी, तूही ‘चांगलं दिसतंय की’ असलं मला सांगूच नकोस. चांगलं दिसतंय हे मलाही कळतं, म्हणून तर त्रास होतोय.

माझी गाणी गाणाऱ्या बिरूचे वडील उन्हाळ्यात गेले. त्यानंतर मेंढरं कितीतरी दिवस दाराकडं तोंड करून ओरडत राहिली. त्यावर मी गाणं लिहिलं आणि आपल्या आईला ऐकवायचं म्हणून बिरूनं ते अगदी खालच्या आवाजात गायलं. आज आमचे व्हिडिओ काढणाऱ्या तौफिकनं त्याच्या माडीवरच्या खोलीत त्यावर काढलेला व्हिडिओ दाखवला. बिरू काळा गॉगल लावून जीपच्या बॉनेटवर उभा आणि चारी बाजूंनी भंडारा उधळतोय. स्लो मोशनमध्ये.

मी म्हणालो, "गाण्यातल्या घरात सुतक असताना भंडाऱ्याला कोण हात लावतं का?"

"काय बे," तौफिक म्हणाला, "धनगराच्या गाण्यात भंडारा नाही तर बघणार कोण? रडणारा बिरू चालत नाही."

मी बिरूला विचारलं, "तुला पटतंय?"

"लोकांना आवडंल की." मग मान खाली घालून, "आईला तेवढं दावू नगा."

आवाज बंद करून तो भंडारा पुन्हा पाहिला. वरात वाटली. मग माझे शब्द कशाला पाहिजेत? की मीच उगाच सोवळेपणा करतोय? बाप त्याचा गेलाय, माझा नाही.

पण जिच्यासाठी गायलं, तिच्यापासूनच लपवायचं?

"माझं नाव काढ त्यातनं," तौफिकला एवढंच म्हणालो, चप्पल घातली आणि कुणी तोंड उघडायच्या आत जिना उतरलो.