तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

हिवरखेड,
शुक्रवार

चि. नितेशराव यांस,

चिरंजीव म्हणतो ते तुमच्या वयामुळे. जावई आहात म्हणून नमस्कारही करतो. दोन्ही स्वीकारावेत. तुमची प्रकृती उत्तम असेल. दामिनीचा खोकला गेला असावा. गेला नसेल तर तिने आईला तसे कळवू नये, नाहीतर काढ्याची बाटली घेऊन आई पहिल्या बसने अमरावतीला निघेल. इकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य रिवाजाचे आहे. पुढचे वाचून मत बनवावे.)

फोन असताना पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही प्रश्न विचारता. पत्रात मला माझ्या क्रमाने सांगता येते. अकोटहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे हे देतो आहे. तुमचे पार्सल त्यानेच आणले होते.

पार्सल मिळाले. घराच्या पुढच्या खोलीत मी ऑनलाइन अर्ज भरण्याचे जे केंद्र चालवतो, त्यातला संगणक दर दहा मिनिटांनी बंद पडत होता, तेव्हा तुम्ही सांगितले होते की प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे पंखा लावलेला तो ॲल्युमिनियमचा ठोकळा, सैल झाला आहे. उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. (वेळेवर गप्प होऊन स्वतःला वाचवणे मला चौतीस वर्षांच्या शिक्षकीत जमले नाही.) नवा ठोकळा, उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवणाऱ्या पेस्टची नळी आणि तुमची चार ओळींची चिठ्ठी, सगळे नीट पोचले.

पीकविम्याच्या अर्जाची मुदत मंगळवारी संपते. ओट्यावर माणसे सातबारा घेऊन सकाळपासून बसतात. दुसरे केंद्र तेल्हाऱ्याला, आणि तिथली रांगही आपल्याच गावच्या लोकांची आहे असे ऐकतो. आमच्या रांगेत पहिली मनकर्णाबाई. पाच एकर कपाशी, घरात कर्ती तीच. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी तिचा अर्ज अर्धा भरला आणि आमची लाईट गेली. पुढे बोंडअळीने तिच्या वावरात काय ठेवले ते तुम्ही ऐकले आहे. तिने मला कधी बोल लावला नाही. यंदा फक्त मुदतीच्या आठ दिवस आधी येऊन बसली.

अशा वेळी तुम्हालाच बोलवावे, असे कोणीही म्हणेल. पण जावयाला काम सांगायचे नाही, हा तुमच्या सासूबाईंचा कायदा आहे. धोंड्याच्या महिन्यात तुम्ही आला होता तेव्हा पंख्याची कुरकुर ऐकून उठलात, खिशातून पेचकस काढलात, आणि त्यांनी तो तुमच्या हातातून घेऊन तिथे अनारसा ठेवला. पंखा अजून कुरकुरतो.

म्हणून गयासुद्दीनला बोलावले. माझा बालपणापासूनचा मित्र. चाळीस वर्षे विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो. ठोकळा उलटासुलटा करून तो म्हणाला, "गुरुजी, याच्यात शाफ्ट नाही, बेरिंग नाही, फिरते त फक्त वरचा पंखा. मंग खालून वंगण कायले?" मी चिठ्ठी वाचून दाखवली. जुनी पेस्ट पुसून टाकावी. नवी तांदळाच्या दाण्याएवढी, प्रोसेसरच्या मधोमध लावावी. तुमच्या सासूबाईंनी आतून विचारले, "कच्चा का शिजेल?" चिठ्ठीत याचा खुलासा नव्हता. शेवटी कोलमचा एक कच्चा दाणा नमुना म्हणून शेजारी ठेवला. गयासुद्दीनने दाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बंडीच्या चाकाले याच्याहून जास्त लावतो आमी. जावई कंजूस दिसते तुमचा." आणि नळी शेवटपर्यंत पिळली. (मुलांना मी आयुष्यभर काटकसरीने लिहायला शिकवले. गयासुद्दीन माझ्या वर्गात नव्हता.)

स्क्रू मात्र त्याने कसे बसवले ते पाहायला तुम्ही हवे होता. एक थोडा, मग कोनाकोनी समोरचा थोडा, मग उरलेले दोन, पुन्हा पहिला. चिठ्ठीतली तिसरी ओळ मी वाचायच्या आधीच. पंपाचे झाकण असेच कसतात म्हणे, नाहीतर ते एका अंगाने दबते. पंख्याची वायरही त्याने जागेवर लावली. मला वाटले, झाले.

संगणक चार मिनिटांत बंद पडला.

रांगेतल्या पंजाबरावांनी घरचा कूलर आणला. संगणकाच्या डब्याचे झाकण काढून कूलर समोर लावला (पाणी न भरता, एवढे भान आम्हाला होते). दुसऱ्या बाजूने मनकर्णाबाई सातबाऱ्याच्या फायलीने वारा घालत होती. त्यावर यंत्र सात मिनिटे चालले. अर्जाला नऊ लागतात. तिचे नाव, गट नंबर, पीक, सगळे भरून बँकेच्या रकान्यापाशी आलो की पडदा काळा. तीनदा तेच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "गुरुजी, बँकेचं नाव काढलं का याले बी माह्यासारखाच घाम फुटते काय?" ओट्यावरचे सगळे हसले. मला हसता आले नाही.

मग पुन्हा उघडायचे ठरले. स्क्रू काढून गयासुद्दीनने ठोकळा सरळ वर ओढला, शाफ्टवरून बेरिंग ओढतात तसा. ठोकळा आला. त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही आला. दाढ काढताना शेजारचा दात यावा तसा. प्रोसेसरच्या पोटाला शेकडो सोनेरी सुया असतात, हे आम्हाला त्यातल्या अकरा वाकल्यावर कळले. गयासुद्दीन चष्मा लावून, तुमच्या सासूबाईंची शिवणाची सुई घेऊन बसला आणि एकेक सरळ केली. केसाएवढी तार आयुष्यभर गुंडाळलेला हात आहे. एकही तुटली नाही. पण प्रोसेसर परत खोबणीत बसवण्याची हिंमत आम्हा दोघांत नाही. पेस्टही संपली. गयासुद्दीनने बेरिंगचे ग्रीस सुचवले, तेव्हा साठ वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा मी त्याच्यावर ओरडलो.

प्रोसेसर सध्या जिऱ्याच्या रिकाम्या डब्यात आहे. असो. वर्तमान कळावे म्हणून लिहिले. तुम्ही काही करावे असा हेतू नाही. दोघांना आशीर्वाद.

तुमचा,
वामनराव

ता.क. परवा रविवारी घरी सांबारवड्या आहेत, कोथिंबीर ताजी मिळाली आहे. दामिनीला घेऊन सहज यावे. पेचकस तुमच्या खिशात असतोच, तो मुद्दाम काढून ठेवण्याची गरज नाही. खिशात पेस्टची नळी निघाली तरी कोणी विचारणार नाही.

ता.क. २. एक गोष्ट क्रमात सांगायची राहिली. ठोकळ्याच्या बुडाला निळसर, पातळ प्लास्टिक होते. गयासुद्दीनने ते नखाने धरलेही होते. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, जावयानं धाडलेली वस्तू हाय. चार दिवस तरी नवी दिसू द्या." आमच्या फ्रीजचे प्लास्टिक नऊ वर्षे झाली तरी तसेच आहे, म्हणून आम्हा कोणाला त्यात वावगे वाटले नाही. ते आज सुरकुतलेले निघाले. सोबत जोडले आहे. उष्णता यानेच अडवली काय? तसे असल्यास तुमच्या सासूबाईंसमोर सगळा दोष पेस्टला द्यावा.

ता.क. ३. त्यांनी हे पत्र आताच वाचले. त्यामुळे वरची शेवटची ओळ व्यर्थ आहे. खिशाबद्दलची वाक्येही खोडा म्हणतात. या घरात जावयाला कोणी काम सांगणार नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. मी मान्य केले. आम्ही सांगणार नाही. रविवारी तुमचे ताट केंद्राच्या खोलीतच मांडू. ताटाच्या उजवीकडे संगणक असेल, डावीकडे जिऱ्याचा डबा, आणि समोर मनकर्णाबाई. ती तुमची कोणी लागत नाही. ती सांगेल.