वरच्या डेकची चाबी

३ नोव्हें., सोम.
जी.एम. गोव्याहून परत आले. मालकांचे जावई. माझ्याहून लहान, पण सर म्हणावं लागते. तिथे समुद्रातलं मोठं जहाज आतून पाहून आले, त्यामुळे नवा रायपूरच्या तलावातल्या आपल्या दुमजली बोटीला आता बोट म्हणायचं नाही. क्रूझ म्हणायचं. बोट चालवणारे दासबाबू सवयीने बोट म्हणून गेले तर सर म्हणाले, "दासबाबू, आप नाव चलाते थे ओडिशा में. यहाँ क्रूझ है."
निर्णय: खालच्या डेकवरचे दोन्ही टॉयलेट बंद. बायकांच्या जागी मेकअप रूम, प्री-वेडिंग शूटवाल्यांसाठी. पुरुषांच्या जागी स्टोअर. वरच्या डेकवर लाउंजमधलं एक चालू राहील, फक्त लाउंजवाल्यांसाठी. मैल्याची टाकी भरली की टँकर बोलवा, ती कटकट गेली. "छोटी सी राइड है, लोग घर से करके आएँ." सगळे हसले. मीही हसली.
मला ऑपरेशन्स मॅनेजर केलं. लाउंजची चाबी माझ्याकडे.

७ नोव्हें., शुक्र.
सुतार आला होता. कमोड उखडून जेट्टीवर ठेवला, दिवसभर लोक त्याच्याजवळ उभे राहून सेल्फी काढत होते. आत आरसा लागला, भोवती बल्ब. दिसते चांगलं, खोटं काहून बोलू.
फुलेश्वरी टॉयलेट धुवायची. तिला जेट्टीवरच्या टॉयलेटवर टाकलं. म्हणाली, "हव मॅडम." ही बाई कशालाही हव, म्हणजे हो, म्हणते. डोक्यात काही चालते की नाही कळत नाही.
दुपारच्या फेरीत भिलाईचा एक जण पोरीला घेऊन आला, तिला लागली आहे म्हणे. मी म्हटलं जेट्टीवर सोय आहे. "जेट्टी तो पीछे रह गई, मॅडम." मग त्याने बायकोचा दुपट्टा आडवा धरला आणि पाण्याच्या बाटलीत केलं. वरून कापून घेतली होती बाटली. लोक जमवून घेतात. सरांना सांगितलं तर म्हणाले, "देखा? कोई कंप्लेंट नहीं."

१२ नोव्हें., बुध.
पाठीच्या खुर्च्या गेल्या, प्लास्टिकचे स्टूल आले. जास्त माणसं मावतात.
पिण्याच्या पाण्याचा कॅन काढून टाकायचा, हे मात्र माझं डोकं. पाणी कमी पितील तर टॉयलेट विचारणार नाहीत, आणि बाटल्या विकल्या जातील. सर माझ्याकडे पाहतच राहिले. "वर्षाजी, आप तो हमसे भी आगे निकलीं." घरी येताना सदर बाजारात थांबून कानातले घेतले. स्वतःसाठी. बऱ्याच दिवसांनी.
दासबाबू माझ्याशी कामापुरतंच बोलून राहिले. राहू दे.

१६ नोव्हें., रवि.
आईच्या महिला मंडळाला क्रूझवर यायचं आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या, ब्राह्मणपाऱ्यातल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. मंडळातल्या पाठककाकूंनी यादी केली, आईने सगळ्यांना आधीच सांगून टाकलं की माही पोरगी तिथली साहेब आहे.
मी म्हटलं, "खालच्या डेकवर बाथरूम नाही आहे, जेट्टीवर जाऊन या सगळ्या, मगच बसा."
"मले काय शिकवते. तुह्या बाबांबरोबर रेल्वेच्या पासावर अर्धा हिंदुस्थान फिरली मी."
बी.पी.ची गोळी घेते ती, त्याने सारखी लागते तिला. त्या दिवशी गोळी संध्याकाळी घे, म्हणणार होती मी. मग विसरली. विसरली म्हणजे, ग्रुप बुकिंग कॅन्सल होईल असं वाटलं, म्हणून विषय वाढवला नाही.

१९ नोव्हें., बुध.
ग्रुप आला. सगळ्या हिरव्या साड्यांत. आईने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काकूंना धरून दाखवलं. मला लाज वाटली, तिची.
फेरी बरी झाली. भजनं म्हटली, अंताक्षरी झाली, क्रूझच्या पेजसाठी रील काढणारा रीलवाला खाली येऊन शूट करून राहिला होता. परत फिरताना सरांचा फोन. जेट्टीवर कोण्या मोठ्या माणसाच्या मुलीचं प्री-वेडिंग शूट सुरू आहे, ड्रोन उडतो आहे, फ्रेममध्ये बोट नको. सूर्य मावळेपर्यंत तलावातच राहा. "एक-दो चक्कर और लगा लो. फ्री में घूमेंगी माताजी लोग."
दासबाबूंनी मला विचारलं, "मैडम, बूढ़े लोग हैं. घुमा दूँ क्या किनारे?" मी नाही म्हटलं.
पहिल्या जास्तीच्या चक्करला बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या चक्करपर्यंत गाणी थांबली होती.
आई उठून माझ्याजवळ आली. कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "वर्षा, मले जा लागते."
"थांब थोडी. आत्ता पोचतो."
"नाही थांबवत."
मी बाजूला होऊन सरांना फोन केला. माझी आई आहे म्हणून सांगितलं. "एक को खोला तो पंद्रह लाइन में खड़ी होंगी. लाउंज में दुल्हन के कपड़े रखे हैं. आपकी मम्मी हैं, आप समझाइए." माझ्या हातात होती चाबी. जिना दहा पावलांवर. मी परत जाऊन आईला म्हटलं, वरचं बिघडलं आहे.
ती स्टूलवर जाऊन बसली. गुडघे जुळवून. मी तलावाकडे पाहत उभी राहिली.
काकूंना आधी समजलं. त्यांनी एकदम मोठ्याने आरती सुरू केली आणि बाकीच्याही म्हणायला लागल्या, अजून ऊन असताना, बोटीवर. तेव्हा मी वळून पाहिलं. आईच्या साडीचा खालचा भाग काळा पडला होता. स्टुलाखालून पाणी वाहत वाहत माझ्या बुटापर्यंत आलं. मी पाय मागे घेतला.
तिने ते पाहिलं.

२० नोव्हें., गुरु.
काल पुढचं लिहिलं नाही. सूर्य बुडल्यावर बोट लागली. बाकीच्या बायका आईभोवती कोंडाळं करून उतरल्या. फुलेश्वरीने काही विचारलं नाही, आईचा हात धरून जेट्टीवरच्या टॉयलेटमध्ये नेलं. बराच वेळ आत होत्या दोघी. आई बाहेर आली तेव्हा फुलेश्वरीची जुनी साडी नेसून होती आणि फुलेश्वरी सलवारवर शर्ट घालून. कोणाचे होते कोण जाणे.
मी तेव्हा शूटवाल्या मुलीच्या घरच्यांना थँक यू म्हणत होती.
घरी ऑटोत आई काकूंजवळ बसली. आज दिवसभर नेहमीसारखी. पोळ्या केल्या. एकच, मी तिला पाण्याचा ग्लास दिला तर घेतला नाही. स्वतः उठून घेतला.

२१ नोव्हें., शुक्र.
रील टाकलं त्यांनी पेजवर. रीलवाल्याच्या लक्षातच आलं नाही, पण बघणाऱ्यांच्या आलं. आरती म्हणणाऱ्या हिरव्या साड्या, मधोमध आई, आणि खाली ओली फरशी. कमेंट वाचल्या. "दादी ने क्रूज को असली समंदर बना दिया." त्याला सगळ्यात जास्त लाइक.
सरांच्या केबिनमध्ये गेली. काढून टाका म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, माझ्यासाठी कॉफी मागवली. मग म्हणाले, "डिलीट करेंगे तो लगेगा कुछ छुपा रहे हैं. और वर्षाजी, रीच देखिए. ऐसी रीच पैसे देकर नहीं आती."
कॉफी प्यायली मी.

२३ नोव्हें., रवि.
पाठककाकू वर्तमानपत्रात जाणार आहेत. भाचा आहे त्यांचा तिथे. सरांना हे कळलं, त्यांनी आज सकाळीच केबिनमध्ये बोलावून घेतलं.
ठरलं असं: फरशीवर सांडलं ते सफाईचं पाणी. सफाईवालीचा हलगर्जीपणा. तिला काढलं.
मी म्हटलं, पण ती तर बोटीवर नव्हती त्या दिवशी.
"रील में कौन दिख रहा है कि कौन था, कौन नहीं?"
फुलेश्वरीला मीच सांगितलं. सरांना अशी कामं करता येत नाहीत, त्यांचा चेहरा पडतो. ती भाताचा डबा उघडून बसली होती. ऐकून घेतलं. डबा बंद केला. या वेळी हव म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "दाई बने हे ना?" आई बरी आहे ना. मी म्हटलं बरी आहे. गुढियारीला राहते ती, जेट्टीवरून दोन गाड्या बदलून जावं लागते.

२४ नोव्हें., सोम.
जेवताना आई: "तुह्यापाशी चाबी होती न?"
मी भाजी वाढत होती. "होती."
"मंग बिघडलं आहे काहून म्हटलं?"
"सरांनी नाही म्हटलं होतं."
"सर नाही म्हणते, असं सांगितलं असतं तर चाललं असतं मले. मी समजली असती, नोकरी आहे." घास चावत राहिली. "खोटं काहून बोलली?"
वरण वाढू का, विचारलं. तिने ताटावर हात धरला.
मग म्हणाली, "त्या बाईचं काय झालं? जिनं मले धुतलं."
धुतलं हा शब्द तिने असा म्हटला की मला वाटलं आता ती रडेल. रडली नाही. मी सांगितलं, काढलं तिला.
आई हात धुवायला उठली. ताटात अर्धी पोळी तशीच.

२६ नोव्हें., बुध.
सरांना आईचा व्हिडिओ हवा आहे. आईने कॅमेऱ्यासमोर सांगायचं की फेरी छान झाली, कर्मचारी चांगले आहेत, पाणी सांडलं होतं. मग पेपरवाले गप्प. बदल्यात पुढच्या वर्षी धरणावर दुसरी क्रूझ येते आहे, ती पूर्ण माझी. नकाशासुद्धा दाखवला. कोणती खोली कुठे, मीच ठरवायचं.
आईला विचारलं. मला वाटलं ताट फेकेल. ती म्हणाली, "येते." 
एवढंच. लगेच. मला त्या होकाराचा आनंद झाला नाही, भीती वाटली. पण सरांना लगेच कळवलं.

२८ नोव्हें., शुक्र.
आई आली. निळी साडी, केसांत फूल. सर पाया पडले, वाकून. माताजी माताजी. कॅमेरा लागला.
आई सरांना म्हणाली, तिच्या त्या नागपुरी हिंदीत, "पहले वो सफाईवाली बाई को वापस रखो. बाद में बोलेगी मैं."
सर हसले. "हो जाएगा माताजी."
"हो जाएगा नहीं. कब से?"
"कल से. वर्षाजी के सामने बोल रहा हूँ."
आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
मग बोलली. एकदाही अडखळली नाही. बोट चांगली आहे, पोट्टे-पोट्टी चांगले आहेत, पाणी सांडलं होतं, लोक काहीही म्हणतात. हसलीसुद्धा. कॅमेरावाला म्हणाला, नॅचरल है आंटी.
येताना स्कूटीवर मी म्हटलं, "थँक यू आई." 
मागून म्हणाली, "तुह्यासाठी नाही बोलली मी. त्या बाईसाठी बोलली."
मग घर येईपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची दांडी धरून बसली.

२९ नोव्हें., शनि.
व्हिडिओ टाकला. कमेंटवाल्यांची तोंडं बंद. काकूंनी आईला फोन केला, बरंच बोलल्या. मंडळात आता आईला बोलावणार नाहीत. ते तिला ठाऊक आहे.
सरांना विचारलं, फुलेश्वरीला निरोप पाठवू का. त्यांना आठवावं लागलं कोण ती. "अरे, उसको वापस लेंगे तो मतलब हमने गलत निकाला था. माताजी को कौन बताने जा रहा है?" आणि माझ्याकडे पाहून थांबले. मग नकाशा पुढे सरकवला. "टॉयलेट कहाँ रखना है, सोमवार तक बता दीजिए. या रखना ही है क्या?"
घरी आल्या आल्या आईने विचारलं, "लागली का ती कामावर?"
मी म्हटलं, "हो."
आईचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. मला पाणी आणून दिलं.

३० नोव्हें., रवि.
आई सकाळपासून तयार. तिला जेट्टीवर जायचं आहे, फुलेश्वरीला भेटायला. रव्याचे लाडू केले पहाटे उठून, डबा बांधून ठेवला. मी म्हटलं, रविवारी गर्दी असते, पुढच्या आठवड्यात जाऊ. 
"गर्दीत काय करायचं आहे मले. पाच मिनिटं बोलीन तिच्याशी, मंग तू तुह्यं काम कर."
मी म्हटलं, तिची आज सुट्टी असेल कदाचित.
"मंग घर दाखव. गुढियारीले राहते न, तूच सांगत होती."
सरांना फोन लावला, उचलत नाहीत. दासबाबूंना लावला. ते म्हणाले, "मैडम, मुझसे क्यों पूछते हैं," आणि ठेवून दिला.
आई बाहेरच्या खोलीत चपला घालून बसली आहे, डबा मांडीवर. मी आत दार लावून हे लिहून राहिली. तिला वाटते मी कपडे बदलून राहिली. आता हाक मारली तिने, वर्षा, झालं का गं. दोन मिनिटं, म्हटलं मी.