बुडाशी डाग असलेली निळी हंडी

प्रिय मामा,

तुम्ही रोहिणीच्या बाबांना म्हणालात, "पोरगा कामाचा हाय भाऊ, पन तापट हाय. सालभर थांबा," आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. मी भट्टीजवळच उभा होतो. शब्द न् शब्द ऐकला. तेव्हापासून तुमच्यावर रागावून आहे, तुम्ही गेल्यानंतरसुद्धा. मेलेल्या माणसाशी अबोला धरणारा भाचा दुसरा सापडायचा नाही! आज लिहितोय, कारण सकाळी सावली गावाहून रोहिणीचा फोन आला. तिच्या बाबांनी मला बोलावलंय.

तुमचं शेड तसंच आहे. घुग्घुसच्या रस्त्याने ट्रक गेला की कोळशाची धूळ आत येते. भांड्यावरच्या ओल्या मुलाम्यावर एक कण बसला तरी भट्टीतून डाग होऊन निघतो, म्हणून तुम्ही चारी बाजूंनी ओली पोती टांगायचात. मी एकदा चिडवलं होतं, "मामा, इनॅमलची भांडी करायले तुम्हाले इथंच सापडलं का?" तर म्हणालात, "मंग का सिमल्यात भट्टी टाकू?"

सरांशी भांडून कॉलेज अर्ध्यात सोडलं, तेव्हा सगळ्यांनी उपदेश केला. तुम्ही हातात चाळणी दिलीत. "वाळू चाळ." बस्स! साच्याच्या वाळूत खडा राहिला तर ओतलेल्या बिडाला खळगा पडतो, हे मग हळूहळू कळलं. घासून गुळगुळीत केलेल्या हंडीवर काचेची पूड पाण्यात कालवून चढवायची, वाळवायची, भट्टीत लाल होईस्तोवर ठेवायची. बाहेर काढलेली लाल हंडी निवत निवत निळी व्हायची. ते बघताना माझ्या डोक्यातलं सगळं बंद पडायचं, रोहिणीसुद्धा. थोडाच वेळ, पण पडायचं.

आठवतं, पहिली हंडी आईला दिलीत? तिने नव्या बिडाच्या कढईसारखं तिला तेल चोळलं आणि तिच्यात पेज उकळत ठेवली. किती हसलात! "बाई, तिले काच लावली हाय. पेज पाजून काय मुरवतेस?" आई चिडली. पण साध्या बिडात काळी पडणारी, लोखंडाची चव धरणारी अंबाडीची भाजी हिच्यात तशी झाली नाही. जड झाकणाखाली, मंद विस्तवावर छान शिजली. आईने पुन्हा वाढून घेतली.

आणि मग तो दिवस. रोहिणीचे बाबा हंडी घ्यायला आले. आमच्या दोघांचं त्यांच्या कानावर गेलेलं होतंच. तुम्ही हंडी उलटी केलीत.

"भाऊ, इथी बुडाशी डाग राहून गेला. उद्या इथूनच गंज धरन."

"मले तं दिसत बी नाई."

"म्हणून तं सांगून राह्यलो."

ते हसले. "हंडीचं सांगतलं, आता भाच्याचं सांग."

आणि तुम्ही सांगितलंत! ते हंडी घेऊन गेले, मला ठेवून गेले.

काऊन, मामा? एवढं एकदा खोटं बोलता आलं नसतं? घरचा पोर होतो ना मी? आणि लोकांना सालभर थांबा म्हणालात, मग स्वतः का नाही थांबलात?

सकाळी रोहिणी म्हणाली, "बाबा म्हणते, सांगतलं होतं तिथंच बारीकसा गंज आला, बाकी हंडीले काही नाई झालं. त्या मानसानं भाच्याचं बी खरंच सांगतलं असन. ये तू. अन् भांडू नको, तुले हात जोडते!"

फोन ठेवून मी वाळूच्या ढिगावर बसून राहिलो. मामा, वर्षभर मी 'तापट'च ऐकत होतो. त्याच्या आधी तुम्ही 'कामाचा' म्हणाला होतात!

शब्द देतो. त्यांनी विचारलं तर मला राग येतो हे मीच सांगीन, तुमच्यावर ढकलणार नाही. नाही म्हणाले तरी आवाज चढवणार नाही. समोर आलेला चहा पिईन, नमस्कार करीन, परत येईन. आणि उत्तर काहीही येवो, उद्या भट्टी पेटवीन.

चला, निघतो. गाडीची चावी घेतली. बाहेर पडताना दार लावीन. आपटणार नाही, हळूच लावीन.

तुमचा भाचा,
नितीन