नवरीमागचा आवाज

ती. रत्नव्वा आत्ती,

शांभवीचा शरणु. गुडघे काय म्हणतात? मामांचा खोकला हटला का? इकडे सगळे धडधाकट आहेत, त्रास तेवढा मला आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू एकटीच बोलतेस, म्हणून पत्र.

लग्न पंधरवड्यावर आलं आणि अप्पांना जुन्या काळच्या नववधूंचा नाद लागला. रद्दीवाल्याकडून सत्तर वर्षांपूर्वीची साप्ताहिकं आणलीत. दर अंकात एक नववधू, मान खाली, आणि फोटोखाली ठरलेलं: सुस्वभावी, मितभाषी, भरतकामात निपुण. (एकीच्या वडिलांचं नाव, हुद्दा, गाव सगळं छापलंय. तिचं नाव राहून गेलंय.) अप्पा म्हणाले, आपला व्हिडिओ असाच करायचा, काळा-पांढरा, पूर्वी सिनेमाच्या आधी बातम्या दाखवायचे तसा.

व्हिडिओवाल्या जोतीरामनं रंकाळ्यावर उभं केलं. "मान खाली घ्या, वैनी. नव्या नवरीला आभाळाशी काय काम हाय?" मान इतकी खाली गेली की फिरायला आलेल्या बायका थांबून विचारायला लागल्या, "काय हरवलं व्हय गं, पोरी?" होणारा नवरा सोमशेखर शेजारीच होता, पण मला त्याची चप्पलच दिसली. (चांगली आहे. चपलेवरून माणूस किती कळणार?)

पुढं जोतीरामनं त्यावर जुन्या बातम्यांसारखा भारदस्त आवाज चढवला: "ही पाहा नववधू! नोकरीला रामराम ठोकून ही आता कागलच्या घरात लक्ष्मीच्या पावलांनी येत आहे." वाक्य साप्ताहिकातलंच, गाव तेवढं बदललेलं. मी हसले. अप्पांनी व्हिडिओ कागलला धाडला, सासरचे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा अव्वाला फोन, "बरं झालं तुम्हीच सांगितलंसा. आमी कसं विचारायचं म्हणून गप हुतो." म्हणजे इचलकरंजीच्या कारखान्यातली माझी कापड तपासायची नोकरी (आता कुठं अख्खा विभाग हाताखाली आलाय) मला न विचारताच सुटली. अप्पांना म्हटलं, ते वाक्य काढा. म्हणाले, "आता पावण्यांनी बघितलंय. खोटं कसं पडायचं?" तेव्हापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. अव्वा म्हणते, बस की एका जागी, फरशी झिजंल.

असो. तू लग्नाला सवडीनं ये.

तुझी,
शांभवी

ता. क. सवडीनं नको, या रविवारीच ये. जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं माईकवर पुकारतेस, तो आवाज मला हवाय. जोतीरामला पटवलंय. त्या वाक्याच्या जागी एवढंच वाचायचं: "लग्नाची सुट्टी संपताच वधू कामावर हजर होईल." लग्नाच्या हॉलमध्ये व्हिडिओत हे सगळ्या पावण्यांसमोर लागलं की मग कोण खोटं पाडतंय बघू. अप्पांना सांग, शेवया करायला आलेय.

ता. क. पुन्हा. सोमशेखरला हे सांगितलं. नोकरीचं त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. त्यानं आपलंही एक वाक्य धाडलंय: "नवरदेव भाकरी उत्तम थापतो." हे साफ खोटं आहे. तेच जरा जास्त ठणकावून वाच.